नाळेतलं रक्त, वारेचा तुकडा आणि बी-१२ : एका होणाऱ्या आईचं पत्र

पत्र : डॉक्टरताई, मी २७ वर्षांची, पहिलटकरीण. विसावा आठवडा चालू आहे. आम्ही घरी शाकाहारी. गेल्या महिन्यातल्या तपासणीत माझं व्हिटॅमिन बी-१२ खूप कमी निघालं. माझ्या आईला डायबेटिस आहे. ज्या दवाखान्यात नाव घातलंय तिथे एक अभ्यास चालू आहे. त्यासाठी माझं रक्त तीनदा घ्यायचं म्हणतात आणि बाळंतपणानंतर नाळेतलं रक्त आणि वारेचा छोटा तुकडा. फॉर्म इंग्रजीत होता. सिस्टर म्हणाल्या, "आधी सही करा, मग घरी जाऊन वाचा." मी सही न करता परत आले. सासूबाई म्हणतात, पोटुशीचं रक्त काढलं की बाळाला कमी पडतं, आणि वार परक्याच्या हाती द्यायची नसते. मिस्टर म्हणतात, तुझं तू ठरव. आणखी एक विचारते, रागावू नका. दाढ दुखते म्हणून मी अधूनमधून मिश्री लावते. ती बाळापर्यंत जाते का? आणि माझ्या बी-१२मुळे बाळाचं आधीच काही बिघडलं असेल का? रात्र रात्र झोप लागत नाही.
– एक होणारी आई

उत्तर :

सही न करता परत आलीस, ते अगदी बरोबर केलंस. अभ्यास वाईट असेल असं मी म्हणत नाही, तो फार चांगलाही असेल. पण न समजलेल्या कागदावर गर्भवती बाईने सही करायची नसते आणि तिच्याकडून ती घ्यायचीही नसते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. माहितीपत्रक तुला कळणाऱ्या भाषेत हवं, प्रश्न विचारायला वेळ मिळायला हवा आणि घरच्यांशी बोलून मग ठरवण्याची मुभा हवी. "आधी सही, मग वाचा" हे उलटं झालं. पुढच्या वेळी गेलीस की शांतपणे सांग, "मराठी प्रत द्या, घरी वाचून येते."

आता सासूबाईंच्या भीतीकडे येऊ. त्यांना अडाणी ठरवून पुढे जाऊ नकोस. त्यांच्या पिढीने रक्त कमी असलेल्या बाळंतिणी हातातून जाताना पाहिल्या आहेत. रक्ताविषयीची ती धास्ती उगाच आलेली नाही. पण अभ्यासासाठी एका वेळी घेतात ते रक्त साधारण दोन-तीन चहाचे चमचे असतं, आणि गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त एरवीपेक्षा चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. एवढ्याने बाळाला काही कमी पडत नाही. तुझं हिमोग्लोबिन फारच उतरलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुझ्या डॉक्टरच तुला थांबायला सांगतील. तो आकडा तू पत्रात लिहिलेला नाहीस, म्हणून फाइल उघडून आधी तो बघ.

नाळेतल्या रक्ताबद्दल मात्र एक गोष्ट तू स्वतः विचारलीच पाहिजेस, कारण ती फॉर्ममध्ये लिहिलेली असेलच असं नाही. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटं थांबायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वेळात वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे काही महिने पुरेल असं लोह त्याच्या अंगात साठतं. अभ्यासाचा नमुना भरपूर मिळावा म्हणून ही घाई कुणी करता कामा नये. थांबून, नाळ बांधून, कापून झाल्यावर वारेच्या बाजूच्या नाळेत जे रक्त उरतं ते फेकलंच जाणार असतं. नमुना त्यातून घ्यायचा. म्हणून विचार, "नाळ बांधायला थांबणार ना? नमुना त्यानंतरच घेणार ना?" चांगल्या चमूला हा प्रश्न आवडतो.

(जाता जाता : खासगी बँकेत पैसे भरून नाळेचं रक्त साठवण्याच्या जाहिराती तुझ्या मोबाइलवर येत असतील. त्याचा या अभ्यासाशी काहीही संबंध नाही, आणि आयसीएमआर त्या खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही. तो पैसा दुधा-फळांवर खर्च कर.)

आता तुझा खरा प्रश्न, झोप उडवणारा. बाळाकडे जातं काय?

वार ही साधारण अर्धा किलोची, थाळीसारखी चपटी. एका बाजूने तुझं रक्त, दुसऱ्या बाजूने बाळाचं. दोन्ही रक्तं सरळ एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये पेशींचा पातळ पडदा असतो. फार वर्षं डॉक्टरांना वाटायचं की हा पडदा म्हणजे भक्कम तटबंदी आहे, आईला काही झालं तरी आत बाळ सुरक्षित. हा समज १९४१ साली ऑस्ट्रेलियात हलला. सिडनीतले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकापाठोपाठ येऊ लागली. त्यांनी आयांची विचारपूस केली तेव्हा कळलं, त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. अंगावर थोडं पुरळ आणि बारीक ताप, एवढाच तो आजार. उत्तर सापडलं ते आयांना विचारल्यामुळे. आजही हे संशोधन आयांना विचारूनच पुढे जातं.

त्यानंतर थॅलिडोमाइड आलं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं हे झोपेचं औषध मळमळीवर गरोदर बायकांना सर्रास दिलं गेलं, आणि १९६१ अखेर ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातपाय खुरटलेली किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली. गर्भात ते काय करतं हे नीट तपासलेलंच नव्हतं. ही गोष्ट मी तुला घाबरवायला सांगत नाही. "गरोदर बायकांवर अभ्यासच नको" असं म्हटल्याने बायका सुरक्षित राहत नाहीत, त्या फक्त अंधारात औषधं घेत राहतात, म्हणून सांगते. कोविडची लस आठवते? आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं, पण गर्भवतींना परवानगी मिळाली २ जुलैला. सुरुवातीच्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळलेलं होतं, त्यामुळे त्यांच्याविषयी सांगण्यासारखी माहितीच हाताशी कमी होती. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली.

वारेतला पडदा तटबंदी नाही, तसा तो नुसती चाळणीही नाही. तो निवड करतो. साखर जाते, पण तुझं इन्सुलिन जात नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन जातं आणि बाळाला इजा करू शकतं, त्याच कामाचं हेपारिन जात नाही, म्हणून गर्भवतीला हेपारिनची इंजेक्शनं देतात. दारू जाते, निकोटिन जातं. थायरॉइडचा हार्मोन सुरुवातीच्या महिन्यांत तुझ्याकडूनच जातो, कारण बाळाची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते. तुझी थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नकोस.

बी-१२ची गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि ती अर्धवट ऐकूनच बऱ्याच जणी घाबरतात.

१९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. सोबत इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधक होत्या. गावातल्या तरुण विवाहित बायकांच्या घरी दर महिन्याला कार्यकर्त्या जायच्या, पाळीची तारीख लिहून घ्यायच्या. पाळी चुकली की सोनोग्राफी, मग अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला रक्त. बाई काय खाते, किती खाते, शेतात किती राबते, पाणी कुठून भरते, सगळं नोंदलं जायचं. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं ४२ किलो. बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत त्याचं वजन, उंची, डोक्याचा घेर आणि पाठीवरची कातडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजायची. सात-आठशे बाळंतपणं अशी मोजली गेली. मोजणाऱ्यांची आणि मोजू देणाऱ्यांची, दोघांचीही मला फार कदर वाटते. यातल्या बहुतेक बायका शेतात राबून संध्याकाळी घरी येणाऱ्या होत्या.

सापडलं ते चकित करणारं होतं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लांबीने, पोटाने, स्नायूंनी लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून होती. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी राखून असलेलं बाळ. २००२ साली याच चमूने पुणे आणि लंडनच्या बाळांचं नाळेतलं रक्त ताडून पाहिलं, तर वजनाने हलक्या असलेल्या पुण्याच्या बाळांच्या नाळेत इन्सुलिन जास्त होतं. मघाशी म्हटलं तसं आईचं इन्सुलिन पलीकडे जात नाही. म्हणजे ते बाळाचं स्वतःचं. डायबेटिसकडे जाणारी वाट आपल्याकडे चाळिशीत सुरू होते असं सगळे समजत होते, तिची सुरुवात जन्माच्याही आधी दिसली. हे कुठून कळलं? तुझ्याकडे आज मागताहेत त्याच नाळेच्या रक्तातून.

आणि बी-१२? त्या गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. तू एकटी नाहीस, हे आधी मनावर घे. दुधाचा चमचा-दोन चमचे चहात, पालेभाजी शिजून शिजून मऊ, मटण-अंडी नाहीत किंवा सणावारी, असं जेवण असलं की हे होतंच. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ज्यांच्या आईचं गरोदरपणात बी-१२ कमी आणि फोलेट (फोलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) जास्त होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे डायबेटिसकडे नेणारी, प्रवृत्ती जास्त दिसली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला आणि तिथून व्हॉट्सअॅपवर पोहोचता पोहोचता त्याचं झालं, "फोलिक अॅसिड घेऊ नका, मुलाला डायबेटिस होतो."

हे चूक आहे आणि धोकादायक आहे. फोलिक अॅसिड बाळाच्या मज्जारज्जूसाठी आणि तुझ्या रक्तासाठी लागतं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असतं, ती चालूच ठेवायची. चहाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव. अभ्यासाचं सांगणं एवढंच की फोलेटच्या जोडीला बी-१२ही हवं, कारण शरीरात दोघांचं काम एकमेकांत अडकलेलं आहे. एक मुबलक आणि दुसरं नाहीच, असं नको.

तुझ्या बाळाचं "आधीच बिघडलं" का? असं कुणीच म्हणू शकत नाही आणि मीही म्हणणार नाही. शेकडो मुलांच्या सरासरीत एखादा कल दिसला म्हणजे अमुक एका मुलाचं भविष्य ठरलं असं होत नाही. शिवाय वार बी-१२ बाळाकडे ओढून घेते. जन्मताना नाळेतलं बी-१२ बहुधा आईपेक्षा जास्तच असतं. आईकडे कमी असेल तर बाळाकडेही कमी पोहोचतं, पण तुझ्याकडे अजून जवळजवळ निम्मा काळ शिल्लक आहे. आणि गोष्ट बाळंतपणापाशी संपत नाही. आईच्या अंगात बी-१२ नसलं की दुधातही नसतं, आणि नुसत्या अंगावर पिणाऱ्या बाळाला त्याचा फटका बसतो. रक्त कमी होणं, मान धरायला-हसायला उशीर, कधी अंगाला कंप. आत्ता भरून काढलेलं बी-१२ तुझ्या दुधातून वर्षभर पोहोचत राहील.

बी-१२ इतकं कमी असेल तर नुसत्या दही-ताकावर भागणार नाही. गोळी किंवा इंजेक्शन हवं, डोस तुझ्या डॉक्टर ठरवतील. त्याबरोबर रोज दूध, दही, ताक, पनीर. घरात चालत असेल तर अंडं. इडली-डोशाच्या आंबवणातून किंवा शेवाळाच्या पावडरींतून पुरेसं बी-१२ मिळतं असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नकोस.

या सहा गावांची गोष्ट अजून चालू आहे. त्या वेळी जन्मलेली मुलं वयात आल्यावर, २०१२पासून, त्यांतल्या मुलामुलींना रोज थोडं बी-१२ देऊन पाहिलं गेलं, आणि त्या मुलींना पुढे बाळं झाली तेव्हा त्या बाळांच्या नाळेतलं रक्तही तपासलं. आजी, आई, बाळ, तिघींची नोंद एकाच अभ्यासात. मुंबईतही २००६पासून वस्त्यांमधल्या बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दुधाचा रोजचा खाऊ देऊन असाच अभ्यास झाला. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. आणि खाऊ खाणाऱ्या बायकांत गरोदरपणातल्या डायबेटिसचं प्रमाण कमी निघालं. हा शेवटचा निकाल तुझ्या कामाचा आहे.

कारण तुझ्या आईला डायबेटिस आहे. तुझ्या रक्तात साखर वाढली तर ती सरळ बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. मग बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवू लागतं आणि बाळ चरबीने वाढतं. त्यामुळे ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी करायची तपासणी पहिल्यांदा झाली असली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची, टाळायची नाही. दोन तासांनी १४० किंवा त्यापेक्षा जास्त आलं तर आहार, चालणं, लागलं तर औषध. वेळेवर कळलं की सांभाळता येतं.

मिश्री. नाही रागावत. पण ती आजपासून बंद. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून वारेपलीकडे जातं, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. मुंबईतल्या १२१७ गर्भवतींच्या अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती. वर मुंबईचे ४८ ग्रॅम सांगितले ना, महिनोन्महिने रोज खाऊ खाऊन मिळालेले? एका डबीने त्याच्या दुप्पट जातात. दाढ दुखतेय तर दातांच्या डॉक्टरकडे जा. चौथा ते सहावा महिना हा त्यासाठी चांगला काळ आहे, भूल देऊन दाढ साफ करता येते, काढताही येते. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, तेही विचारून. मेडिकलमधून आयब्रुफेन वगैरे मनाने घ्यायचं नाही, तुझ्या विसाव्या आठवड्यानंतर तर मुळीच नाही. घरात आणखी कुणी मिश्री लावत असेल तर डबी निदान तुझ्या हाताशी नको.

इतकं सगळं वाचून तुला वाटेल, पलीकडे जातो तो फक्त त्रास. तसं नाही. तू धनुर्वाताची दोन इंजेक्शनं घेतली असशील. त्यातून तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, वारेतून बाळाकडे जातात, आणि तीही नुसती झिरपत नाहीत, वार ती पकडून पलीकडे नेते. सगळ्यात जास्त शेवटच्या महिन्यात, इतकी की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईपेक्षाही जास्त सापडतात. बाळाच्या पहिल्या महिन्यांचं संरक्षण त्यांवर असतं. आपल्याकडे एके काळी नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वाताने किती बाळं जायची. २०१५ साली भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्यात आयांच्या या इंजेक्शनांचा मोठा वाटा. गोवराची लस बाळाला नवव्या महिन्यात का देतात माहीत आहे? आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर ओसरतात, आधी दिली तर तीच लसीच्या आड येतात.

चवही पोहोचते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही आयांनी शेवटच्या तिमाहीत गाजराचा रस नेमाने प्यायला. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा जास्त रुचली. तुझ्या आमटीतली लसूण बाळ आत्ताच चाखतं आहे. उलटही जातं : बाळाच्या पेशी आईच्या रक्तात येतात, आणि १९९६ साली असं दिसलं की त्या बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही आईच्या अंगात सापडू शकतात. सासूबाईंना हे नक्की सांग. त्यांच्या मुलाचा अंश अजून त्यांच्या रक्तात असू शकतो, हे ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो ते मला कळव.

आणि संशोधनाला होकार देणाऱ्या आयांनी काय मिळवून दिलं, याचं एक उदाहरण माझ्या मनातून कधी जात नाही. एचआयव्ही असलेल्या गर्भवतींना झिडोवुडिन हे औषध द्यायचं की नाही, याची अमेरिका आणि फ्रान्समध्ये चाचणी झाली. १९९४ साली आकडे आले : औषध न मिळालेल्या गटात २५.५ टक्के बाळांना लागण, मिळालेल्या गटात ८.३. पुढे आपल्या पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या आयांनीही, इथिओपिया आणि युगांडातल्या आयांबरोबर, अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे औषध देण्याच्या अभ्यासात भाग घेतला. आज वेळेवर आणि सलग औषधं घेतली तर ही लागण पाच टक्क्यांच्या खाली ठेवता येते. त्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत आणि माहीत असूही नयेत.

तुझा अभ्यास त्यापेक्षा साधा आहे. तुझ्या पत्रावरून तरी तो फक्त नमुने घेण्याचा दिसतो, नवं औषध देण्याचा नाही. तरी विचारून घे : मला काही औषध देणार आहात का? पुढे कधी द्यायचं ठरलं तर नव्याने परवानगी घेणार का? माझ्या नावाऐवजी नंबर असणार का? नमुने किती वर्षं ठेवणार, परदेशी पाठवणार का, जनुकांची तपासणी करणार का? आणि बी-१२, साखर, हिमोग्लोबिनचे निकाल मला वेळेत देणार का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रक्तात दोष दिसला आणि तो कागदातच राहिला, असं होऊ नये. माहितीपत्रकावर नैतिक समितीचा, म्हणजे अभ्यासात कुणावर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, सही केलेली एक प्रत तुझ्याकडे राहते, आणि मध्येच सोडलं तरी तुझ्या बाळंतपणाच्या सोयीत तसूभरही फरक पडता कामा नये. रक्तातून मुलगा की मुलगी हे कळेल अशी घरात कुणाला आशा असेल तर आत्ताच मोडून काढ. ते सांगणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

वारेविषयी सासूबाईंशी बोलताना एक गोष्ट सांग. दवाखान्यातल्या बाळंतपणात वार एरवीही नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाऊन जाळली जाते. अभ्यासाला लागतो तो त्यातला नखाएवढा तुकडा. त्यांना वार घरच्यांनी पुरावी असं फारच वाटत असेल तर उरलेली मिळेल का, हे दवाखान्यात आधीच विचार. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. त्यांच्या मनात वार म्हणजे कचरा नाही, बाळाची सोबतीण आहे, आणि मला हे त्यांचं म्हणणं पटतं. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर ने. मराठी फॉर्म सिस्टरसमोर मोठ्याने वाच, त्यांना हवं ते विचारू दे.

मिस्टर "तुझं तू ठरव" म्हणतात, ते ठीकच आहे, सही तुझीच लागते. पण फॉर्म वाचायला आणि प्रश्न विचारायला त्यांनीही यावं, एक दिवस रजा टाकून.

मी तुझ्या जागी असते तर उत्तरं समाधानकारक मिळाल्यावर होकार दिला असता. तुला नको वाटलं तर "नाही" एवढंच पुरे, कारण सांगावं लागत नाही. बी-१२चं इंजेक्शन किंवा गोळी मात्र या अभ्यासाची वाट न बघता याच आठवड्यात विचारून सुरू कर, आणि दाढेसाठी उद्याच नंबर लाव.